अंथरूण आणि फरशी

घर बांधणाऱ्याला सर्वांत शेवटी पडणारा प्रश्न पायाखालचा असतो. पाया, भिंती, स्लॅब इथपर्यंतचं सगळं मिस्त्री आणि हातातला पैसा ठरवतो. फरशीची वेळ आली की मात्र घरातला प्रत्येक जण बोलू लागतो. आमच्या धर्मापुरीसारख्या गावातही आता ही चर्चा ऐकू येते. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा म्हणतो, पुढच्या खोलीला लाकडी फरशी करू. आखातात राहून आलेले मामू म्हणतात, भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा टाका, घर भरल्यासारखं दिसतं. आणि अम्मी विचारते, पुसणार कोण? आम्हाला वाटतं, अम्मीच्या या प्रश्नात बाकी दोघांच्या मतांपेक्षा जास्त विचार आहे.

आमचा हा भाग दगडाचा. गावात केदारेश्वराचं चालुक्यकालीन दगडी मंदिर आहे, भुईकोट किल्ला आहे. पण सामान्य माणसाच्या घरात पायाखाली दगड फार उशिरा आला. आधी शेणामातीनं सारवलेली जमीन होती. लाकूड आमच्याकडे डोक्यावर असायचं, पायाखाली नाही. सागवानी तुळया, त्यावर माळवद. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगडमातीच्या भिंतींची आणि माळवदाची धास्ती बसली, हळूहळू स्लॅब आले. खाली शहाबादी फरशी आली. शहाबाद आज कर्नाटकात आहे, पण निजामाच्या राज्यात बीड आणि शहाबाद एकाच छताखाली होते. त्या करड्या फरशीवर आमच्या दोन पिढ्या जेवल्या, झोपल्या, नमाज पढल्या.

आता निवड करायची तर आधी व्यवहार पाहू. भिंतीला भिडलेला गालिचा आमच्या हवेत धूळ धरून ठेवतो. काळ्या मातीची धूळ एकदा धाग्यात बसली की केरसुणीनं निघत नाही. घरात दम्याचं माणूस असेल तर त्याचा त्रास वाढतो. लहान मूल त्यावर लघवी करून बसलं तर पाकीचा प्रश्न येतो. सुटी सतरंजी धुऊन उन्हात टाकता येते, चिकटवलेला गालिचा कुठे नेऊन धुणार? लाकडाची गोष्ट उलटी. ते लगेच पुसता येतं, पण साचलेलं पाणी त्याला सोसत नाही आणि वाळवीला ते फार आवडतं. शिवाय दुकानात ‘लाकडी’ म्हणून जे स्वस्तात मिळतं ते बहुतेक वेळा भुश्याची दाबलेली पाटी असते. तिच्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद असतो आणि कागदावर पारदर्शक थर. म्हणजे आपण लाकडावर नाही, लाकडाच्या फोटोवर चालतो.

एवढ्यावर हिशेब मिटला असता. पण आमच्या घरांतून हा प्रश्न लवकरच हलाल-हरामकडे वळतो. कुणी म्हणतो, गालिचा म्हणजे इसराफ. दुसरा म्हणतो, अल्लाहनं दिलंय तर वापरायला काय हरकत? याबाबत सहीह बुखारीतला एक प्रसंग आम्हाला फार बोलका वाटतो. हजरत जाबिर (र.) यांना पैगंबरांनी (स.) विचारलं, तुमच्याकडे गालिचे आहेत का? ते म्हणाले, आमच्याकडे कुठून येणार? पैगंबर म्हणाले, लवकरच येतील. पुढे खरंच आले. तेव्हा जाबिर पत्नीला म्हणत, हे माझ्यासमोरून काढ. ती उत्तर देई, येतील असं पैगंबरांनीच सांगितलं नव्हतं का? मग जाबिर गप्प बसत. त्या घरात गालिच्यावर बंदी आली नाही, पण मनातली अस्वस्थताही संपली नाही. आम्हाला ही अस्वस्थता मोलाची वाटते. चालतं की नाही हे कळल्यावरही, शोभतं का, हे विचारायचं उरतंच.

दुसरा प्रसंग हजरत आयेशा (र.) यांचा. त्यांनी दारावर एक नक्षीदार कापड लावलं होतं. पैगंबरांना ते आवडलं नाही. दगडमातीला कपडे नेसवण्याचा आदेश आपल्याला नाही, अशा अर्थाचं ते बोलले आणि ते उतरवलं. आयेशांनी ते कापून, आत खजुराच्या झाडाच्या साली भरून दोन उशा केल्या. त्यावर मात्र हरकत आली नाही. कापड तेच. दाराला सजवत होतं तोवर नको होतं, माणसाच्या उपयोगी आलं तेव्हा चाललं.

इथून आम्हाला आमच्या प्रश्नाची किल्ली सापडते. फरशी घराला शोभवण्यासाठी आहे की माणसाला टेकवण्यासाठी?

आपल्याकडे पाहुणा आला की काय होतं ते आठवून पाहा. घरातलं कुणीतरी उठतं, कोपऱ्यातली सतरंजी काढतं, झटकतं, वाकून अंथरतं आणि म्हणतं, बसा. ती सतरंजी विरलेली असेल, तिचा रंग उडालेला असेल, पण ती त्या माणसासाठी अंथरलेली असते. यजमान वाकलेला असतो. कायमच्या गालिच्याचं तसं नाही. तो सगळ्यांसाठी नेहमीच अंथरलेला असल्यानं कुणा एकासाठी अंथरलेला नसतो. चकचकीत लाकडी फरशीचंही तेच. तिथं वाकावं लागतं ते पाहुण्याला. चपला कुठे काढू, पायाला माती तर नाही ना, चहा सांडेल का, हे सगळं तोच पाहतो.

आमच्या बीड जिल्ह्यात हा विचार नुसता पुस्तकी नाही. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. अनेक महिने कोपीत राहतात, शेतातल्या उघड्या जमिनीवर झोपतात. त्यांतलं कुणी परत आल्यावर आपल्या दारात येतं आणि फरशी पाहून उंबऱ्यापाशीच उकिडवं बसतं. आपण ‘आत या’ म्हणतो, ते ‘इथंच बरं’ म्हणतात. कुणी कुणाचा अपमान केलेला नसतो. तो फरशीनं केलेला असतो, आणि फरशी आपण निवडलेली असते.

मस्जिद-ए-नबवीची जमीनही साधीच होती. एका खेडूतानं तिथं लघवी केली तेव्हा लोक धावून गेले. पैगंबरांनी त्यांना थांबवलं, त्याला अडवू नका म्हणाले आणि नंतर त्या जागी बादलीभर पाणी ओतायला लावलं. जमीन पाक झाली, माणूसही दुखावला नाही. चूक पोटात घेणारी जमीन असली की माणसाला माफ करणं सोपं जातं. जिथं एका डागापायी मुलाला चापट बसते, ती फरशी कितीही महाग असली तरी घराला महागात पडते.

म्हणून आमचा कौल साधा आहे. खाली शहाबादीसारखी, थोड्या पाण्यात पुसून निघणारी फरशी असावी. उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसणाऱ्या जिल्ह्यात पाण्याचा हिशेब हाही धर्माचाच भाग आहे. तिच्यावर गुंडाळता येतील अशा दोन-चार चांगल्या सतरंज्या, जानमाज, दस्तरखान. ज्याची ऐपत आहे त्यानं एखादा सुंदर गालिचाही जरूर घ्यावा, पण जागचा हलणारा आणि धुता येणारा. शहरातल्या फ्लॅटमध्ये कुणाला अस्सल लाकूडच हवं असेल तर तेही हराम नाही. मात्र निवडताना जी रोज पुसणार आहे तिला आधी विचारावं. जाबिरच्या घरातही शेवटचा शब्द पत्नीचाच होता.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपण मुलांना शिकवतो आणि त्याचा अर्थ खर्चापुरता घेतो. त्यात एक भर घालावीशी वाटते. घरी येणाऱ्याचे पाय पाहूनही अंथरूण निवडावं. घरात मय्यत होते तेव्हा सगळा मोहल्ला येतो, शेतातून तसाच उठून येतो. त्या दिवशी फरशीकडे कुणाचं लक्ष जात नाही, लोक मिळेल तिथं बसतात. जी फरशी त्या दिवशी सर्वांना सामावून घेईल, तीच रोजच्यासाठी घालावी.