अक्षहृदय आणि नवशिका

महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नलाची कथा सांगतात. ती संपल्यानंतरची एक लहानशी घटना बहुधा वाचकाच्या नजरेतून निसटते. राज्य, भाऊ, स्वतः आणि पत्नी असे सर्व काही द्यूतात घालवून बसलेल्या या माणसाला ऋषीने 'पुन्हा फाशांना शिवू नकोस' असे सांगावे, ही आपली अपेक्षा. बृहदश्व त्याला अक्षहृदय देतात, म्हणजे फाशांची विद्याच शिकवतात. कथेतल्या नलालाही ती ऋतुपर्णाकडून मिळालेली असते. रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे मोजून सांगणारा हा राजा गणनेचा जाणता होता, आणि प्राचीन काळी फासे बेहड्याच्याच फळांचे असत. दैवावर उतारा म्हणून परंपरेने गणित सुचवले, हे मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आले आहे. तो उतारा नैतिकही आहे काय, हा प्रश्न मात्र मला फार उशिरा पडला, आणि तोही एका माजी विद्यार्थ्यामुळे.

२०२० च्या टाळेबंदीत घरी अडकलेला हा तरुण संगणकावर पोकर शिकला. "सर, हा जुगार नव्हे, कौशल्याचा खेळ आहे," असे त्याने पहिल्याच भेटीत मला बजावले. त्याने समजावून दिलेला खेळ असा: ५२ पत्त्यांतून प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते मिळतात, पुढे पाच पत्ते टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी उघडे मांडले जातात, आणि दर टप्प्याला पैसे लावायचे की डाव सोडायचा, हे ठरवावे लागते. दोन पत्त्यांच्या एकूण १,३२६ जोड्या संभवतात. एक्क्यांची जोडी सरासरीने २२१ वाटपांत एकदा हाती येते. म्हणून नवशिक्याचा पहिला धडा संयमाचा. बहुतेक डाव त्याने न खेळताच टाकून द्यावेत. दुसरा धडा अधिक सूक्ष्म आहे. निर्णय योग्य असूनही डाव हरतो आणि चुकीचा असूनही जिंकतो, तेव्हा निकालावरून निर्णयाची पारख करू नये. हे ऐकून मी चमकलो. फळावर दृष्टी न ठेवता कर्म नीट करावे, असे गीतेचा अभ्यासक आयुष्यभर घोकतो; येथे ते पंधरा दिवसांत अंगवळणी पाडले जात होते. (निकालावरून पारख न करण्याचा हा धडा आमच्या काही विद्यापीठांनाही देण्याजोगा आहे.)

तिसरा धडा त्याने सहज, जाता जाता सांगितला. आपल्याहून कच्चे खेळाडू ज्या टेबलावर असतील ते शोधून तेथे बसावे.

माझे मन या वाक्यापाशी अडले. बुद्धिबळ शिकणारा मुलगा आपल्याहून सरस प्रतिस्पर्धी शोधतो, कारण त्याच्याकडून हरण्यातही त्याची वाढ असते. ज्ञानवंताला अज्ञानाचा लाभ सर्वत्रच होतो, असा आक्षेप येथे घेता येईल. वकील, वैद्य आणि आम्ही प्राध्यापकही त्यावरच जगतो. परंतु शिक्षकाला विद्यार्थ्याचे अज्ञान कमी व्हावे असे वाटते, निदान वाटायला हवे. पोकरच्या निष्णात खेळाडूला समोरच्याचे अज्ञान टिकावे असेच वाटणार. येथे नवे धन उत्पन्न होत नाही. एकाचे गेलेले दुसऱ्याकडे येते आणि त्यातूनही खेळ चालवणारा आपला नाल काढून घेतो. कौटिल्याने द्यूताध्यक्षाला जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच घ्यायला सांगितले होते. व्यवस्था तेव्हापासूनची आहे. तेव्हा खेळ चालत राहायचा तर नवशिक्यांचा ओघ अखंड हवा. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर हा अमेरिकन हिशेबनीस ऑनलाइन पात्रता-फेरीतून लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला, तेव्हा तो ओघ जगभर वाढला. त्या स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. नवशिक्यांना मोह पडला तो त्यांतल्या एकाचा.

आपला कायदा दीर्घकाळ वेगळ्या वाटेने विचार करीत आला. १८६७ च्या जुगारविषयक अधिनियमाने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले, १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला, आणि पोकरविषयी उच्च न्यायालयांत मतभेद राहिले. पुढे संसदेने संमत केलेल्या २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच बाजूला ठेवला. त्या कायद्याच्या गुणदोषांत मला शिरायचे नाही. कौशल्य असले की खेळ निर्दोष, या गृहीतकाविषयी मात्र बोलले पाहिजे. केवळ दैवावर चालणाऱ्या खेळात दोघे निदान सारखेच असहाय असतात. हस्तिनापूरच्या सभेत दैवाचा खेळ चाललाच नव्हता. शकुनी निष्णात होता आणि युधिष्ठिर नवशिका. आपल्या मनाला जे बोचते ते हेच.

आणि अक्षहृदय मिळाल्यावर युधिष्ठिर काय करतो? अज्ञातवासात कंक या नावाने तो विराटाच्या सभेत राहतो, तेथील मंडळींना हवे तसे खेळवतो, आणि राजाच्या नकळत जिंकलेले धन भावांना वाटतो. दोरीने बांधलेल्या पक्ष्यांची उपमा तेथे आली आहे. आश्रय देणाऱ्याच्या घरी धर्मराजाने हे करावे, याकडे आमच्या भाष्यकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही. नल निदान पुष्कराला हरवल्यावर त्याचा वाटा परत करून त्याला निरोप देतो. ऑनलाइन टेबलावर तसे करायचे म्हटले, तरी समोर चेहराच नसतो.

हे सारे मी त्या विद्यार्थ्याला बोलून दाखवले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "एक जण रोज रात्री दोनच्या सुमारास यायचा, सर. टोपणनावाखेरीज मला त्याची काही माहिती नव्हती. हमखास हरायचा. मी त्याची वाट पाहत जागा राहायचो. एकदा सलग आठवडाभर तो आला नाही, तेव्हा मी फार अस्वस्थ झालो. त्याची काळजी वाटत होती की माझी कमाई बुडत होती, हे मला आजही नक्की सांगता येत नाही."