नोंद कुणाच्या खात्यावर?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मी कॉमर्सचा पदवीधर. छत्तीस वर्षं बँकेत कारकुनी केली. अध्यात्मावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. दत्तजयंतीच्या अंकासाठी निसर्गावर, ऋतूंवर काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा वाटलं, सोपं काम आहे. माझ्याकडे टिपणांची वही आहे. त्यातली पाच-सहा निवडून द्यावीत, झालं. पण वही चाळायला घेतली आणि एका पानाशी अडकलो. ते पान काही केल्या उलटेना. हा लेख त्या पानाबद्दल आहे.

निवृत्तीनंतर पुणं सोडून मी मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे धरणाकडे जाणाऱ्या बाजूला एका लहान गावात राहायला आलो. घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. समोर भातखाचरं, मागे डोंगर. आयुष्यभर दहा ते सहा काचेच्या खिडकीआड बसलेल्या माणसाला इथे ऋतू पहिल्यांदा अंगावर आले. मग रोज रात्री दोन-तीन ओळी लिहायची सवय लागली. बँकेत दिवसाचा ताळा जमल्याशिवाय उठायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. इथे ताळा कसला? तर मनाचा.

वाचकहो, त्यातली दोन-तीन टिपणं वाचून दाखवतो.

ज्येष्ठ. पहिला पाऊस. पत्र्यावर कुणीतरी नाण्यांची थैली उलटी केली. मोजायची गरज नाही. मन हलकं.

आषाढ. पाच दिवस सूर्य नाही. समोरचा डोंगर नाही. खाचरं नाहीत. धुक्यात मीही नसल्यासारखा.

भाद्रपद. बांधावर सोनकी फुलली. इतकं पिवळं, की उदास राहायची लाज वाटली.

मन असं का बदलतं, याचं कारण मला कधी सापडलं नाही. घरात काही उणं नव्हतं. पेन्शन वेळेवर, तब्येत बरी, मुलगी आठवड्यातून दोनदा फोन करते. तरी एखाद्या संध्याकाळी आत असा अंधार दाटायचा की दिवा लावायलाही उठवत नसे. बँकेत हिशेबात फरक आला आणि तो काही केल्या सापडला नाही, तर रक्कम तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. माझी ही उदासी तशीच, कारण न सापडलेली. फक्त मी ती सस्पेन्सला न टाकता सरळ पावसाच्या नावे टाकत होतो. आभाळ उदास, संध्याकाळ उदास, डोंगर एकटा. लिहिलं की बरं वाटायचं.

आता ते पान. अश्विन वद्य पक्षातलं.

परतीचा पाऊस. निघताना उंबऱ्यातून वळून पाहणाऱ्या माहेरवाशिणीसारखा. दिवसभर मन भरून येत राहिलं. असाच पडत राहावा.

हे टिपण मला इतकं आवडलं की आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर पाठवलं. तासाभरात वीस-पंचवीस जणांनी हात जोडले, कुणी 'वा, काय निरीक्षण!' म्हणालं. संध्याकाळी पाऊस जरा उघडला तसा छत्री घेऊन शेजारच्या तात्यांकडे गेलो. तात्या म्हणजे पंचाहत्तरीचे शेतकरी. सगळं गाव त्यांना तात्याच म्हणतं.

तात्या घरात नव्हते. खाचरात होते. दोन दिवसांपूर्वी कापलेलं इंद्रायणी वाळायला पसरलेलं होतं, ते पाण्यात पडलं होतं. तात्या, त्यांची सून आणि नातू पेंढ्या उचलून बांधावर ताडपत्रीवर आणत होते. तात्यांनी एक लोंबी माझ्या हातावर ठेवली. दाण्याच्या टोकाला पांढरा कोंब डोकावत होता.

"झोडणीआधीच उगवाया लागलं बगा," ते म्हणाले. तक्रार नव्हती. दाखवत होते इतकंच.

घरी येऊन वही उघडली. 'असाच पडत राहावा.' शेजारच्या माणसाचं वर्षाचं अन्न चिखलात भिजत होतं, आणि मी घरात कोरडा बसून तो पाऊस आणखी मागत होतो. तेही इतक्या सुंदर शब्दांत, की पंचवीस माणसांनी हात जोडले.

माझं एक मन म्हणालं, यात पाप काय? तुझ्या लिहिण्याने एक थेंबही जास्त पडला नाही. तुला ठाऊकच नव्हतं. हे खरं आहे. कुठल्याही कायद्याने मी दोषी नाही. तरी ती ओळ डोळ्यांना टोचत राहिली. आणि प्रश्न उभा राहिला: निसर्गात आपलं मन पाहणं, हे निसर्ग पाहणं आहे का?

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला एक धडा असतो. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं समजू नये. एकाच्या खात्यावरची रक्कम चुकून दुसऱ्याच्या खात्यावर चढली, तरी तेरीज जुळते. बेरजेत एका पैशाचा फरक येत नाही. म्हणूनच ही चूक लवकर सापडत नाही. ती ज्याचं खातं आहे तो माणूस काउंटरवर येऊन उभा राहतो, तेव्हा कळते. माझ्या टिपणांचं तेच झालं होतं. वाक्य छान जुळत होतं. पण नोंद माझी होती आणि चढवली होती पावसाच्या खात्यावर. ज्याच्या खात्यात पाऊस खरोखर जमा किंवा नावे पडतो, तो माणूस हातात लोंबी घेऊन उभा राहिला, तेव्हा चूक सापडली.

त्या रात्री मी अवधूताची गोष्ट पुन्हा वाचायला घेतली. भागवताच्या एकादश स्कंधात यदू राजा एका निश्चिंत अवधूताला विचारतो, तुझ्यापाशी काहीच नाही, तरी हा आनंद कुठून आला? अवधूत उत्तरादाखल आपले चोवीस गुरू सांगतो. परंपरेने हा अवधूत म्हणजे आपले दत्तप्रभू. नाथमहाराजांनी एकनाथी भागवतात या गुरूंचा विस्तार केला आहे. आजवर मी ही यादी पाठ केल्यासारखी वाचली होती. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, कपोत, अजगर, समुद्र... या वेळी वाचताना वेगळंच लक्षात आलं. त्या चोविसांपैकी एकानेही अवधूताच्या मनाची चौकशी केलेली नाही. आणि अवधूतानेही कुणाकडे ती अपेक्षा ठेवलेली नाही.

तो म्हणतो, आकाशात वाऱ्याने ढग येतात-जातात, आकाशाला ते चिकटत नाहीत. ढग उदास आहेत, असं तो म्हणत नाही. चंद्राच्या कला वाढतात, कमी होतात, चंद्र तोच राहतो. चंद्र विरहाने झुरतो, असं तो म्हणत नाही. सूर्य किरणांनी पाणी घेतो आणि योग्य वेळी देऊन टाकतो. कपोत आपल्या पिल्लांच्या मोहात जाळ्यात सापडतो. तिथे दुःख आहे, पण ते कपोताचं म्हणून पाहिलेलं आहे. आधी समोरचं जसं आहे तसं पूर्ण पाहायचं, मग त्यातून आपल्यासाठी काय ते घ्यायचं. मी उलटं करत होतो. आधी माझं मन, मग त्याला शोभेल असा ढग.

यादीतल्या समुद्रापाशी मी फार वेळ थांबलो. पावसाळ्यात नद्या भरभरून येतात म्हणून समुद्र फुगत नाही, उन्हाळ्यात आटल्या म्हणून सुकत नाही. आमचं मुळशीचं धरण मात्र याच्या नेमकं उलट. श्रावण-भाद्रपदात काठोकाठ, वैशाखात काठावर चिखलाच्या भेगा. इथलं पाणी बोगद्यातून घाटाखाली भिऱ्याला उतरतं, त्यावर वीज तयार होते. मग ते कुंडलिका नदीतून रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळतं. खरं म्हणजे या डोंगरांवरचा थेंब उतारानं पूर्वेला जायचा. मुळेतून मुळा-मुठेत, तिथून भीमेत, पंढरपूरवरून पुढे गाणगापूरच्या संगमावर, आपल्या महाराजांच्या पायाशी. आजही धरणाच्या अलीकडच्या उतारावर पडलेला थेंब तिकडेच जातो. पलीकडे पडलेला पश्चिमेला. पाण्याची यात काही आवडनिवड नाही. जिथे नेलं तिथे उपयोगी पडतं.

आपलं मन हे धरणासारखं आहे, समुद्रासारखं नाही, हे मला तेव्हा पटलं. कुणीतरी दार उघडलं की उतरतं, पाऊस झाला की भरतं. समुद्र व्हायला किती जन्म लागतील, दत्त जाणे. पण आपली पातळी खाली गेली म्हणून जगातलं पाणी आटलं, असं तरी लिहू नये. एवढं धरणाला जमण्यासारखं आहे.

धरणाचीही एक नोंद माझ्या वहीत होती. 'शरदातलं निळं पाणी. इतकं शांत, जणू इथे कधी काही घडलंच नाही.' ही ओळ मी पुढे तात्यांना वाचून दाखवली. मुद्दाम. ते हसले.

"घडलंय की. आमच्या आज्याचं खाचर हाय त्या पान्याखाली."

मग मला शाळेतला इतिहास आठवला. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्यात मिळाली. बायका-मुलांसह माणसं कामाच्या जागी जाऊन बसली, तुरुंगात गेली. लढा १९२४ पर्यंत चालला. शेवटी धरण झालं, गावं बुडाली, मुंबईत दिवे लागले. माझं लहानपण त्या विजेखालीही गेलं असेल, कारण मी परळला वाढलो. इथे कधी काही घडलंच नाही, असं लिहिणारा मी कोण?

"मग तुम्हाला हे पाणी बघून वाईट वाटत असेल," मी म्हणालो.

तात्या जरा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "न्हाई हो काका. तुमच्यावानी मलाबी बरं वाटतं बघाया. निळं दिसतं. पन आज्याचा बांधबी दिसतो. दोनी दिसतं."

मला वाटतं, माझ्या प्रश्नाचं उत्तर या दोन शब्दांत आहे. दोन्ही दिसतं. पाणी सुंदर दिसणं हा गुन्हा नाही. पावसाने मन भरून येणं हाही नाही. आपल्या संतांनी मेघ, मोर, चंद्र यांच्याकडे पाहून देवाला आळवलंच आहे. भाव नसलेला डोळा म्हणजे नुसती काच. पण आपला भाव एवढा मोठा होऊ नये, की त्याच्यामागे समोरचा माणूस दिसेनासा व्हावा. जे सुंदर दिसतं ते कुणाच्या खात्यावर नावे पडलं आहे, एवढं विचारूनच हात जोडावेत. ही विचारपूस म्हणजेच भक्तीतली प्रामाणिकता, असं मला माझ्या अल्पमतीने वाटतं.

त्या परतीच्या पावसानंतर ऊन पडलं तसा मी चार दिवस तात्यांच्या खाचरात पेंढ्या उलटवायला गेलो. कामाचा नव्हतो. तात्यांच्या सुनेने दुसऱ्या दिवशी मला सावलीत बसवून कावळे हाकायला लावले. बरंचसं भात वाचलं, काही कोंबाचं गुरांना गेलं. त्या चार दिवसांत आतला अंधार आला नाही. मी मनात म्हटलं, औषध सापडलं. पण कार्तिकात एका संध्याकाळी तो पुन्हा आला, तसाच विनाकारण. सेवा केली की मनाचे ऋतू थांबतात, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. थांबत नाहीत. फक्त त्या संध्याकाळी वहीत मी आभाळाला काही चिकटवलं नाही. लिहिलं: 'आभाळ स्वच्छ. मी उदास. कारण माहीत नाही.' सस्पेन्सची रक्कम सस्पेन्समध्येच ठेवली. आणि आश्चर्य म्हणजे, ती रात्र तुलनेने सोपी गेली. उदासी माझ्यापुरती राहिली. आभाळ तिच्यातून सुटलं, आणि मला बघायला उरलं.

आता मार्गशीर्ष आहे. भल्या पहाटे धरणावरून धुकं चढतं आणि खाचरातल्या धसकटांवर दव बसतं. रिकाम्या खाचरांत ओलीवर हरभरा, वाल वर आले आहेत. गावातल्या दत्तमंदिरात सप्ताहाची तयारी चालू आहे, औदुंबराच्या पाराला नवा चुना लागला. पौर्णिमेच्या प्रसादाला तात्यांनी दरवर्षीप्रमाणे नवे तांदूळ दिले आहेत. त्या पावसातून वाचलेले. मी निवडायला बसलो होतो. अधूनमधून एखादा काळपट दाणा लागतो, भिजल्याची खूण राहिलेला. तो बाजूला काढावा की राहू द्यावा, असं तात्यांच्या सुनेला विचारलं.

"राहू द्या काका," ती म्हणाली. "देवाला ठावं हाय औंदा पाऊस झाला त्यो."

कालचं टिपण देऊन थांबतो.

मार्गशीर्ष शुद्ध. थंडी. तांदूळ निवडले, दोन पायल्या. काही दाणे काळे. पाऊस पावसाच्या खात्यावर, तात्यांचे कष्ट तात्यांच्या खात्यावर. माझ्या नावे फक्त बघणं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.