कुरळ्यांचं माहेर

लहानपणी माझे केस विंचरताना कंगव्याचा दात मोडला की आई म्हणायची, "या कुरळ्यांनी जीव खाल्ला माझा." पुढे शाळेत इंग्रजीच्या तासाला 'कर्ल' भेटला आणि वाटलं, शोधच लागला! कुरळ आणि कर्ल सख्खे भाऊ. आपण त्यांच्याकडून घेतला की त्यांनी आपल्याकडून नेला, एवढंच ठरायचं बाकी.

हा समज बरीच वर्षं सुखानं नांदला. मोडला तो इंग्रजीनंच. चौदाव्या शतकात इंग्रजी कवी चॉसरनं आपल्या काव्यातल्या तरुण स्क्वायरच्या केसांना लावलेलं विशेषण 'क्रुल' असं आहे. डच माणूस कुरळ्या बटेला आजही 'क्रुल'च म्हणतो. आपल्याकडे 'नुकसान'चं 'नुसकान' होतं, तसा तिकडे 'र' जागचा हलला आणि 'कर्ल' झाला. नातं खरं असेल तर मागं जाऊ तसे शब्द जवळ यायला हवेत. हे तर लांब पळत होते.

मग आपली दुसरी खोड: इंग्रजी नाही तर संस्कृत. कोश उघडला तर 'कुरुल', कपाळावरची बट, हजर! मी पुस्तक मिटणारच होतो. पण कवी बघावेत तर त्यांच्या नायिकांचे भुरभुरतात ते अलक, रुळतात ते कुंतल. हा कुरुल कोशाच्या ओसरीवरच बसलेला, पाहुण्यासारखा.

पाहुणा कुठला, ते शेजारी विचारलं असतं तरी कळलं असतं. कन्नडमध्ये कुरुळ म्हणजे केसांची बट, तेलुगूत कुरुलु, तमिळमध्ये कुरुळ. दक्षिणेतल्या भाषांचं कूळ वेगळं आहे हे फ्रान्सिस एलिसनं १८१६ मध्येच मांडलं होतं. १८५६ मध्ये काल्डवेलनं त्यावर अख्खं तौलनिक व्याकरण लिहिलं. आणि १९५५ मध्ये टी. बरो यांनी संस्कृतवरच्या आपल्या ग्रंथात द्राविडी उसनवारीची यादी दिली, तीत हा कुरुल आहे. इतकंच काय, ज्याला आपण अस्सल संस्कृत समजतो तो कुंतलही तमिळ 'कूंदल'शेजारी बसवलेला. बेळगावच्या पलीकडे पाहायचं सोडून मी लंडन आणि काशी करून आलो होतो.

तेव्हापासून स्वयंपाकघरातही कान टवकारतात. ताटाला तेलाचा हात, त्यावर शिजलेल्या बेसनाचा पातळ थर, सुरीनं पाडलेल्या पट्ट्या, आणि बोटांच्या टोकांनी वळलेली सुरळी. हीच कन्नडची सुरुळी, तमिळची सुरुळ, म्हणजे गुंडाळी. त्याच घरातलं 'सुरुट्टै मुडी' म्हणजे तमिळमध्ये कुरळे केस, आणि 'सुरुट्टु' म्हणजे वळलेली तंबाखूची पानं. साहेबानं आपल्याकडून काय नेलं, या शाळेतल्या प्रश्नाचं उत्तर असं उशिरा मिळालं. केसांचा शब्द त्यानं नेलाच नाही. नेला तो चिरूट.