हरवलेला जॅक

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविलेल्या माणसाला एक क्षण चांगला परिचयाचा असतो. जुना अधिकारी उठून गेलेला असतो, नवा त्याच्या खुर्चीवर बसलेला असतो, आणि मध्ये टेबलावर चार्जाची यादी पडलेली असते. कपाटे इतकी, खुर्च्या इतक्या, वाहन एक, स्टेपनी एक, जॅक एक, पाना एक. कपाटे मोजली जातात, कारण ती डोळ्यांसमोर असतात. जॅक मात्र सीटखाली हात घालून कोणी पाहत नाही. 'सर्व मिळाले' या शब्दांखाली सही होते, आणि दोन बदल्यांपूर्वीच नाहीसा झालेला जॅक कागदावर आणखी तीन वर्षे सुखाने नांदतो.

या क्षुल्लक वस्तूकडे आमचे लक्ष वेधले ते कुंभकोणम येथील आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनी. तंजावरला व्यंकोजी राजांनी १६७६ च्या सुमारास राज्य स्थापिले आणि १८५५ साली ते इंग्रजांनी खालसा केले; पण त्या राज्याच्या आश्रयाने कावेरीकाठी आलेली घराणी राज्याबरोबर नाहीशी झाली नाहीत. आमचे स्नेही अशाच एका घराण्यातले. वडिलांचा पितळी भांड्यांचा व्यापार होता, आणि माल वाहण्यासाठी घेतलेला एक फार्गो पिकअप त्यांनी अद्याप जपून ठेवला आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभारलेल्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात अशी वाहने जुळविली जात. तेव्हा गाडीही एका अर्थी महाराष्ट्रातून येऊन कावेरीकाठी स्थायिक झालेली!

गाडी चालते, रंग शाबूत आहे, इंजिन मूळचे आहे. नाहीत फक्त जॅक, त्याचा दांडा आणि चाकाचा पाना. या तीन वस्तू मिळविण्यासाठी हे गृहस्थ दोन वर्षे खटपट करीत होते. चेन्नईच्या पुदुपेट्टैतील जुन्या सुट्या भागांच्या बाजारात त्यांनी चार खेपा घातल्या. आम्ही सहज म्हणालो, "अहो, नवा जॅक कोणत्याही दुकानात मिळेल. इतका हट्ट कशासाठी?" ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग त्यांनी जे सांगितले त्यामुळे आमचे हसणे थांबले.

त्यांच्या वडिलांनी तो जॅक कोणाला तरी उसना दिला होता. तो परत आला नाही. दुकानाच्या सामानवहीत मात्र दर वर्षी 'जॅक १' अशी नोंद होत राहिली. एका रात्री तंजावरच्या रस्त्यावर चाक बसले. ड्रायव्हरने लाकडी वाशाने गाडी उचलली आणि खाली दगड रचले. दगड सरकला. क्लीनरच्या कामावरच्या पोराची दोन बोटे गेली. "वडिलांनी त्याला जन्मभर पोसले," स्नेही म्हणाले, "पण वहीतली ती ओळ त्यांनी कधी खोडली नाही. ती मला भरून काढायची आहे."

येथे प्रश्न सुरू होतो. हरवलेल्या वस्तूच्या जागी दुसरी ठेवली, म्हणजे नक्की काय भरून निघते?

मिलिंद राजाला नागसेनाने रथाचा दृष्टान्त दिला तो पुष्कळांना ठाऊक आहे. आस म्हणजे रथ नव्हे, चाके म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे. या सर्वांच्या एकत्र येण्याला दिलेले नाव म्हणजे रथ. ग्रीकांनीही थीसियसच्या जहाजाची फळी न् फळी बदलल्यावर जहाज तेच राहते काय, हा वाद घातला. परंतु जॅक या दोन्ही दृष्टान्तांत बसत नाही. गाडी धावत असते तेव्हा जॅक तिचा भाग नसतोच. तो निव्वळ ओझे असतो. गाडी अडते त्या क्षणी मात्र तो चाकाइतकाच तिचा होतो. स्टेपनीचेही तसेच. वेल्समधील लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाकाचा धंदा सुरू केला, आणि त्या रस्त्याचे नाव आपल्या ड्रायव्हरांच्या तोंडी कायमचे बसले. ज्या काळी मोटारीबरोबर जादा चाक देत नसत, त्या काळी 'हे अडेल' असे आधी गृहीत धरणारा तो एक शहाणा विचार होता. जॅक आणि स्टेपनी ही गाडीची अंगे नव्हेत. ते पुढच्या प्रवाशाला दिलेले वचन आहे. वचनाचा स्वभावच असा, की ते पाळण्याची वेळ येईपर्यंत ते मोडले आहे हे कोणाला कळत नाही.

मग वस्तू कोणतीही चालेल काय? कामाच्या दृष्टीने पाहिले तर काही अटी आहेत. स्क्रूच्या जॅकचे आटे इतके कमी चढाचे असतात, की दांडा सोडला तरी वजनाने तो आपोआप खाली फिरत नाही. घर्षणच त्याला धरून ठेवते. ज्याच्या आधारावर माणूस गाडीजवळ हात घालतो, त्याच्या बाबतीत हा गुण शोभेचा नव्हे. शिवाय क्रायस्लरच्या घराण्यातील जुन्या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. ज्याला हे माहीत नाही तो नट सोडविण्याऐवजी आवळतो आणि अखेर मोडून टाकतो. म्हणजे नुसता पाना देऊन भागत नाही; पान्याबरोबर ज्ञानही द्यावे लागते.

पण आमच्या स्नेह्यांपुढे निराळीच अडचण उभी राहिली. एका व्यापाऱ्याने त्यांना हुबेहूब जुना दिसणारा संच आणून दाखविला. किंमत भारी होती. तो कोणत्या गाडीतून आला, याचे उत्तर नव्हते. मोडीत निघालेल्या गाडीचा असेल तर प्रश्न मिटला; पण उभ्या गाडीतून काढलेला असेल, तर आपली यादी पुरी करताना दुसऱ्या कोणाची तरी अपुरी होणार. दुसऱ्या एकाने सुचविले, की स्वामीमलैकडचे कसबी कारागीर आहेत. नवा घडवून त्याला गंज चढवू, कोणाला ओळखू येणार नाही. पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली जे नियम केले, त्यांत चासी, बॉडी आणि इंजिन यांच्या मूळपणाची विचारणा आहे; जॅकची नाही. कायदा जेथे गप्प बसतो तेथे माणसाला स्वतःशीच बोलावे लागते.

आणि या प्रश्नाचे उत्तर कुंभकोणमच्या मातीनेच देऊन ठेवले आहे. जवळच्या शिवपुरम गावी १९५१ साली जमिनीत कांस्यमूर्ती सापडल्या. त्यांत एक नटराज होता. पुढे त्या दुरुस्तीसाठी बाहेर गेल्या, आणि देवळात परत आल्या त्या प्रतिकृती. मूळ नटराज मुंबईमार्गे परदेशी गेला. अमेरिकेतील नॉर्टन सायमन यांच्या संस्थेने तो १९७३ साली विकत घेतला, आणि दीर्घ वादानंतर १९८६ साली तो भारतात परतला. मधल्या काळात गावकरी प्रतिकृतीसमोर हात जोडीत होते. त्यांच्या भक्तीत खोट होती असे कोण म्हणेल? प्रतिकृती घडविणेही पाप नव्हे. स्वामीमलैचे स्थपती मेणाच्या साच्यातून रोज नव्या मूर्ती घडवितात, आणि प्राण ओतल्यावर त्या देवच होतात. महामहमच्या तळ्यात २०१६ साली लोक ज्या पाण्यात न्हाले ते पाणी आज तेथे नाही, २०२८ साली आणखी निराळे असेल. तीर्थ तेच म्हटले जाईल. नवेपणाने पावित्र्य जात नाही. ते जाते नवेपण लपविल्याने. शिवपुरमला अपराध झाला तो ओतकामात नव्हे, 'हीच ती' या दोन शब्दांत.

येथे कोणी म्हणेल, की मूर्ती कोठे आणि जॅक कोठे! मुकाट्याने खिशातून पैसे घालून वस्तू भरून टाकली, तर त्यात कोणाचे काय बिघडले? आम्हांला या मार्गाचा मोह समजतो. अनेक सज्जन अधिकारी तो पत्करतात. पण अशा भरपाईत वस्तू परत येते आणि सत्य मात्र हरवते. जॅक कधी नव्हता, का नव्हता, आणि त्यामुळे काय झाले, हे सारे पुसले जाते. पुढचा जॅक हरवण्याची वाट मोकळी होते. उलट, 'आढळला नाही' असा शेरा मारून स्वस्थ बसणारा सत्य सांभाळतो, पण रस्त्यावर अडलेल्या ड्रायव्हरच्या हाती दगडच ठेवतो. एकाने यादीचे समाधान केले, दुसऱ्याने विवेकाचे. त्या पोराच्या बोटांचा विचार दोघांनीही केला नाही. आमच्या मते दोन्ही गोष्टी करणे प्राप्त आहे, आणि याच क्रमाने: आधी लिहावे की नाही, आणि मग आणून ठेवावे.

आमच्या स्नेह्यांनी शेवटी तेच केले. तो महागडा संच त्यांनी परत केला. बाजारातून स्क्रूचा एक दणकट नवा जॅक घेतला. गावातल्या लोहाराकडून दांडा आणि पाना घडवून घेतला, आणि पान्यावर घडविल्याचे साल ठोकून घेतले. गंज चढविला नाही. सीटमागे तमिळमध्ये एक चिठ्ठी लावली: डाव्या चाकांचे नट उलटे फिरतात. मग वडिलांची जुनी वही काढली. 'जॅक १' या ओळीवर त्यांनी काट मारली नाही. तिच्याखाली, घरच्या मराठीत, हा जॅक किती वर्षे नव्हता ते लिहिले, त्या मुलाचे नाव लिहिले, आणि नव्या वस्तूची नोंद तारखेसह केली.

पुढच्या बदलीच्या वेळी आमच्यापुढे यादी येईल, तेव्हा सहीपूर्वी खुर्चीवरून उठून गाडीपर्यंत जाण्याचा आमचा निश्चय आहे. सीटखाली हात घालायला फार वेळ लागत नाही.