पट्ट्यामागची साक्ष

ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत मुलांना परीक्षांचा तुटवडा नाही. शाळेच्या चाचण्या सोडल्या तरी चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट आहे, विज्ञानवेड्यांसाठी होमी भाभा आहे, पेटी, तबला नि कथक शिकणाऱ्यांसाठी गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतची वाट आहे. आणि रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये नाहीतर सोसायटीच्या पोडियमवर बेल्टची परीक्षा आहे. पांढऱ्याचा पिवळा झाला की फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो आणि मावश्या-आत्या टाळ्या पाठवतात. रंग पाहिला की प्रगती कळते. निदान कळल्यासारखी वाटते.

आयकिडो ही जपानी युद्धकला शिकणाऱ्याची इथे पंचाईत होते. कराटेच्या मानाने हे वर्ग फार थोडे, आणि तिथे दोन-दोन वर्षे घाम गाळूनही नातेवाइकांना दाखवायला कमरेला पांढराच पट्टा. तोक्योच्या शिंजुकु भागात मुख्यालय असलेल्या आयकिकाई या मूळ संस्थेच्या पद्धतीत प्रौढ विद्यार्थी पाचव्या क्यूपासून पहिल्या क्यूपर्यंत उतरत्या आकड्यांनी वर चढतो. मग पहिला दान मिळतो, पट्टा काळा होतो आणि आकडे सुलटे मोजायला लागतात. मधले रंग अनेक देशांत वापरतात, मुलांच्या वर्गात तर सर्रास. पण ती सोय आहे, मूळ रचनेत त्यांना जागा नाही. नियमांची भाषाही रंगांची नसून दिवसांची आहे. पाचव्या क्यूला सरावाचे किमान ३० दिवस, चौथ्याला आणखी ४०, तिसऱ्याला आणि दुसऱ्याला ५०-५०, पहिल्याला ६०, पहिल्या दानला ७०. बेरीज ३००. आठवड्यातून दोनदा क्लासला जाणाऱ्या नोकरदाराला, एकही खाडा न करता, तीन वर्षे. दुसऱ्या दानसाठी त्यानंतर किमान एक वर्ष आणि २०० दिवस, तिसऱ्यासाठी दोन वर्षे आणि ३०० दिवस.

एवढे सगळे करून स्पर्धा मात्र नाही. केंजी तोमिकी यांच्या शाखेने सामने आणले, पण मुख्य प्रवाहाने ते कधी स्वीकारले नाहीत. म्हणजे या विद्येत कोणी कोणाला हरवत नाही, आणि तरीही कोणी वरचा आणि कोणी खालचा असतो. हे ठरते कशावरून? प्रश्न वरवर क्लासच्या वेळापत्रकाचा वाटतो. पण माणसाला एखादी गोष्ट येते, हे दुसऱ्याने कशाच्या आधारावर मानायचे, याचा खल आपल्याकडच्या दर्शनांनी शतकानुशतके केलेला आहे.

तालमीत हा खल करावा लागत नाही. वस्ताद जोड लावतो, पोरे मातीत उतरतात, एकाची पाठ लागते. गावाच्या जत्रेतली निकाली कुस्ती बघायला आलेल्या म्हाताऱ्यालाही प्रमाणपत्र मागावे लागत नाही. न्यायदर्शनाच्या भाषेत हे प्रत्यक्ष प्रमाण. अर्थात प्रत्यक्षही वाटते तितके निर्विवाद नसते: २०२५ मध्ये अहिल्यानगरला झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पाठ लागली की नाही यावरून इतका भडका उडाला की एका मल्लाने पंचांवर लाथ उगारली. मातीवर असो वा मॅटवर, पाहणारा कोणीतरी लागतोच. तरी तिथे वाद निदान एका क्षणाबद्दल असतो.

आयकिडोची परीक्षा अशी होते. परीक्षक गादीच्या कडेला वज्रासनासारखे गुडघ्यांवर बसलेले. परीक्षार्थी आणि त्याचा जोडीदार वाकून नमस्कार करतात. तंत्राचे नाव जपानीत पुकारले जाते: शिहोनागे. जोडीदार, ज्याला उके म्हणतात, पुढे येऊन मनगट पकडतो. परीक्षार्थी बाजूला सरकत त्याच हाताखालून वळतो, आणि उकेचा हात कोपरात दुमडून त्याच्याच खांद्यामागे जातो. सगळी परीक्षा या ठिकाणी आहे. तो हात खांद्याला लगटून ठेवला तर उकेला मागे बसत सुखरूप पडता येते. बाहेर ओढला तर कोपर आणि खांदा पिळवटतो, आणि झटका दिला तर माणूस डोक्याच्या मागच्या बाजूवर आदळू शकतो. जोर लावून पाडणे सोपे असते. परीक्षक पाहतात ते हे की दुसऱ्याचे शरीर याच्या हवाली केले असताना हा त्याचे काय करतो. मग डावी बाजू, मग पुढून, मग मागून. वरच्या श्रेणींत लाकडी सुरी, तलवार, काठी आणि शेवटी एकाच वेळी अंगावर येणारे अनेक जण.

प्रेक्षकात बसलेल्या काकांच्या मनात मात्र एकच शंका असते, आणि ती अगदीच गैर नाही. तो पडला, की पडून दाखवले? उकेचे सहकार्य हा या विद्येचा पाया आहे. त्याशिवाय सांधे शाबूत ठेवून सराव होणारच नाही. तोल खरोखर गेला होता की नाही, हे आतून कळते ते फक्त उकेला, त्याच्या मनगटातून. बाकीच्यांना परीक्षकाच्या नजरेवर भरवसा ठेवावा लागतो. म्हणजे कुस्तीतली श्रेणी प्रत्यक्षावर उभी आहे आणि आयकिडोतली शब्दप्रमाणावर, म्हणजे विश्वासू माणसाच्या साक्षीवर.

शब्दप्रमाण म्हटले की आपल्याला वेद आठवतात. पण न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने आप्त कोण याची अट फार साधी ठेवली आहे: ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. ही अट ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखीच लागू होते, असेही तो स्पष्ट सांगतो. तेव्हा जपानहून आलेला परीक्षक तिच्यात बसायला काहीच हरकत नाही. अडचण येते ती दुसऱ्या भागापाशी. जाणणारे पुष्कळ असतात; जसे जाणले तसेच सांगण्यात ज्यांचा तोटा होत नाही, असे थोडे असतात.

कारण परीक्षेला फी असते. आयकिकाईत दानच्या नोंदणीचे शुल्क श्रेणीबरोबर वाढत जाते. गल्लीतल्या क्लासचे भाडे परीक्षेच्या फीमधून निघत असेल तर सरांच्या ‘उत्तम’ या शब्दाचे वजन किती धरायचे, हा हिशेब पालकही मनातल्या मनात करतात. तसा तो जुनाच आहे. काळा पट्टा मात्र तेवढा जुना नाही; त्याला आज जे प्राचीनतेचे वलय आहे ते बरेचसे उसने आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदोची कोदोकान संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना पहिला दान दिला. दानची कल्पना गो या पटावरच्या खेळातून आलेली. त्याआधी जपानी युद्धकलांत वर्षानुवर्षांनी गुरूच्या हातून गुंडाळी मिळे आणि ती कधी मिळेल हे गुरूच जाणे. पिवळा, नारिंगी, हिरवा हे रंग तर विसाव्या शतकात युरोपातल्या ज्युदो क्लबांत रुळले.

आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) या जुन्या पद्धतीतूनच आले. सोकाकु ताकेदा यांच्याकडे दाइतो-र्यू शिकून १९२२ मध्ये त्यांना शिकवण्याचा परवाना मिळाला. त्याच सुमाराला ते ओनिसाबुरो देगुची यांच्या ओमोतो पंथात रमले होते. युद्धकला ही शुद्धीची साधना आहे, तिथे हार-जीत आली की ती बिघडते, ही त्यांची धारणा त्या वाटेने पक्की झाली. मात्र शिष्यांना श्रेणी देताना ते कागदपत्रांत फारसे अडकले नाहीत. शिंगूच्या हिकित्सुची यांना १९६९ मध्ये तोंडीच दहावा दान दिल्याचे सांगतात. गुरूने दिले म्हणजे दिले! हिशेब ठेवणाऱ्या कार्यालयाची त्यात काय दैना होत असेल ते वेगळे.

इथे श्रेणींच्या बाजूने एक गोष्ट बोलायलाच हवी. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा घराण्याबाहेरच्या माणसाला उस्तादाची मर्जी सांभाळल्याशिवाय गाणे शिकता येईल अशी सोय झाली. अभ्यासक्रम छापलेला, पायऱ्या ठरलेल्या, आणि पुढे बाहेरून आलेला परीक्षक. विशारद झाला म्हणजे गवई झाला असे पलुस्करांच्या शिष्यांनीही मानले नसेल. पण डोंबिवलीच्या चाळीतल्या मुलीला सुरांच्या घरात जन्म घ्यावा लागला नाही, हे त्या पायऱ्यांचे देणे. कानोंच्या दानचेही तेच आहे. साक्ष एका माणसाच्या लहरीतून सुटून नियमांत आली. (गंमत अशी की आयकिकाईचे प्रमुखपद मात्र घरातच राहिले: मोरिहेईंनंतर मुलगा किश्शोमारू आणि १९९९ पासून नातू मोरितेरू.)

साक्ष देणारा आप्त असला तरी ज्याची परीक्षा झाली त्याने तिचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. डोंबिवलीतल्या एका मोठ्या क्रीडा संकुलाला ह. भ. प. सावळाराम महाराज म्हात्रे या कीर्तनकारांचे नाव आहे, ही योगायोगाची गोष्ट. पण कीर्तनात पिढ्यान्‌पिढ्या रंगवल्या गेलेल्या एका परीक्षेची आठवण तिथे यावी. तेरला संत जमले आहेत. मुक्ताबाई गोरोबाकाकांना सांगते, यांतली पक्की मडकी कोणती ते बघा. गोरोबा थापटणे उचलतात आणि एकेकाच्या डोक्यावर हाणत जातात. सगळे निमूट सोसतात. नामदेव तेवढे चिडतात. निकाल लागतो: हे मडके कच्चे. प्रत्यक्ष पांडुरंग ज्याच्याशी बोलतो त्याला नापास केले! नामदेव पंढरपूरला जाऊन देवाकडेच दाद मागतात, आणि देव परीक्षकाच्या बाजूने कौल देतो. मग औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे जाणे येते.

या कथेत लक्ष जाते ते थापटण्याकडे. खरे तर पाहण्यासारखे आहे ते हे, की नामदेवांची आधीची श्रेणी खोटी नव्हती. देवाचा लाडका भक्त ही साक्ष खरीच होती, पण ती त्यांनी आपल्या गुणाचा पुरावा म्हणून वापरायला घेतली आणि तिथे ती पुरली नाही. आयकिडोतल्या अनेकांना हे पहिल्या दाननंतर कळते. काळा पट्टा बांधून आल्यावर पहिल्याच आठवड्यात एखादा नवखा, ताकदवान, पडायचे कसे हेही न शिकलेला विद्यार्थी मनगट घट्ट धरून उभा राहतो आणि शिहोनागे जागचे हलत नाही. पट्ट्याने सांगितले होते ते खरे होते: अमुक दिवस सराव केला, अमुक परीक्षकाने पाहिले, याच्या हाती दुसऱ्याचा खांदा सुरक्षित आहे. त्या मनगटाबद्दल पट्टा काहीच बोलला नव्हता.

श्रेणी नकोच, सगळे सारखे, हा मार्गही वाटतो तितका मोकळा नाही. वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात आणि गळ्यातली तुळशीची माळ सगळ्यांची सारखी. पण ज्ञानोबारायांच्या पालखीत रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागे, आणि प्रत्येकीचा क्रमांक मानाने जपलेला. समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ वाजत राहतात आणि चोपदार आधी ती ऐकतात. क्रम आहे, आणि त्याबद्दल दाद मागायची जागाही आहे. योगासनांना पट्टे नव्हते, तर केंद्र सरकारने २०२० च्या डिसेंबरात त्यांना स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली. ठाण्यात घंटाळी मित्र मंडळासारख्या संस्थांतून पिढ्यांनी आसने केली ती गुणांविना. पुढच्या पिढीला गुणपत्रक मिळेल.

आयकिडोत वर गेले की परीक्षा कमी होत जाते. चौथ्या दानपर्यंत गादीवर उतरून दाखवावे लागते, त्यापुढे मुख्यतः शिफारस. नवख्याला काटेकोर अभ्यासक्रम आणि ज्येष्ठाला नुसता शब्द, हे उलटे वाटते खरे. पण वीस-पंचवीस वर्षे ज्याच्या हाताखालून माणसे पडली आणि धडधाकट उठली, त्याचे साक्षीदार शेकड्यांनी असतात. खालच्या पायऱ्यांवर ते नसतात, म्हणून तिथे साक्ष तपासून घ्यावी.

कल्याणात किंवा ठाण्यात मुलाला अशा क्लासला घालणारे पालक पहिल्याच भेटीत विचारतात, ब्लॅक बेल्टला किती महिने? त्याऐवजी तीन गोष्टी विचारता येतील. परीक्षा स्वतःचेच सर घेतात की बाहेरचे कोणी येते? परीक्षेत मुलाला पाडणारा कोण असतो, आणि मुलाने ज्याला पाडले त्याला काय वाटले हे कोणी विचारते का? आणि मागच्या खेपेला कोणी नापास झाले होते का? तिसऱ्या प्रश्नाला सर जरा थांबून दोन-चार जणांची आठवण काढू लागले, तर फी भरायला हरकत नसावी.