हसू कोणाचं आणि कोणावर?

१९८६ साली अमेरिकेत आलो. त्या पहिल्या हिवाळ्यात माझा इंग्रजीचा वर्ग रात्री साडेअकराला भरायचा आणि मास्तर होते जॉनी कार्सन! भाड्याच्या खोलीत चहाचा कप घेऊन मी 'द टुनाइट शो' बघत बसायचो. प्रेक्षक हसले की मीही हसायचो, पण जरा उशिरा. विनोद कळलेला असायचाच असं नाही.

कार्सन यांनी हा कार्यक्रम १ ऑक्टोबर १९६२ पासून २२ मे १९९२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं चालवला. त्यांचे लिहून आणलेले विनोद आज मला फारसे आठवत नाहीत. आठवतात ते अचानक घडलेले प्रसंग. एखादा विनोद साफ पडला की ते असा काही चेहरा करत, की त्या फजितीलाच जास्त हशा मिळे.

१९६५ सालचा एक प्रसंग तर वर्धापनदिनाच्या कार्यक्रमांत पुन्हा पुन्हा दाखवत. 'डॅनियल बून' मालिकेतले नट एड एम्स कुऱ्हाड फेकून दाखवत होते. समोर फळीवर माणसाची आकृती काढलेली. कुऱ्हाड रुतली ती नेमकी नको त्या जागी! एम्स ती काढायला निघाले, तर कार्सन यांनी त्यांना धरून थांबवलं. हशा पुरता होऊ दिला आणि मगच आपलं वाक्य टाकलं. हजरजबाबीपणा म्हणजे केवळ चटकन बोलणं नव्हे, कधी गप्प राहायचं हे कळणंही त्यात आलं.

पण मला जास्त विचार करायला लावलं ते १९८७ सालच्या मर्टल यंग या बाईंनी. इंडियानातल्या फोर्ट वेनच्या बटाटा वेफर्सच्या कारखान्यात त्या माल तपासायचं काम करत. प्राण्यांसारखे, माणसांच्या चेहऱ्यांसारखे दिसणारे वेफर्स त्यांनी जपून ठेवले होते. कार्यक्रमात त्यांची नजर क्षणभर दुसरीकडे वळली आणि मागून 'कर्रम' असा आवाज आला. बाईंचा हात छातीवर! कार्सन यांनी लगेच टेबलामागचा दुसरा वाडगा दाखवला. खाल्लेला वेफर त्यातला होता. बाईंच्या जिवात जीव आला आणि त्याही हसल्या.

आता प्रश्न असा, की एका साध्या बाईला क्षणभर का होईना घाबरवून लाखो लोकांना हसवणं योग्य का? मी म्हणेन, योग्य. पण एका अटीवर. शेवटी तीही हसली पाहिजे. थट्टा आणि कुचेष्टा यांची सुरुवात अगदी सारखी दिसते. फरक कळतो तो शेवटी. ज्याच्यावर हसलो तो आपल्यात आला, की एकटा पडला?

हे मी कोणत्या तोंडाने सांगतो, तेही सांगायला हवं. बऱ्याच वर्षांपूर्वी मंडळाच्या एका कार्यक्रमात गावाकडून नुकताच आलेला एक तरुण माइकवर इंग्रजीत आभार मानताना अडखळला. मी खुर्चीतूनच त्याच्या उच्चाराची नक्कल केली. अगदी उत्स्फूर्तपणे! सभागृह हसलं. तोही हसला, पण जरा उशिरा. ते उशिराचं हसू मी ओळखायला हवं होतं. माझंच तर होतं ते! त्यानंतर तो मंडळात दिसला नाही. मीही कधी फोन केला नाही.

'सहज तोंडातून निघून गेलं' असं आपण म्हणतो. पण सहज निघतं ते आतलंच असतं. तयारीने बोलताना माणूस स्वतःला झाकू शकतो, उत्स्फूर्त क्षणी नाही. म्हणून सुधारायची असते ती जीभ नव्हे, तिच्यामागची नजर.

कार्सन २३ जानेवारी २००५ रोजी गेले. वाचकहो, यंदाच्या गणेशोत्सवात कोणी नवखा माइकवर अडखळला तर जरूर हसू या. मात्र हसून झाल्यावर त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवू नका. मी एकदा ठेवली होती.