सारथी आणि पाचवे कारण

कठोपनिषदातील रथाच्या रूपकात आत्मा हा रथी, शरीर हा रथ, बुद्धी ही सारथी, मन हा लगाम आणि इंद्रिये हे घोडे मानले आहेत. रथ ज्याच्यासाठी चालतो तो आणि रथ जो हाकतो तो, हे दोघे तेथे वेगळे आहेत. भारतीय महामार्गांवरील ट्रकचालकाच्या पालटलेल्या रूपाचा व जीवनाचा विचार करताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो, कारण त्यातून कर्तृत्वाचा, म्हणजे घडलेल्या कर्माचा कर्ता खरोखर कोण, हा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ट्रक बहुधा केबिनशिवाय, नुसत्या चासीच्या रूपात कारखान्याबाहेर पडत असे. डोक्याला फडके गुंडाळलेला चालक ती उघडी चासी ऊनपाऊस झेलत बॉडी बांधणाऱ्याकडे नेई, आणि तेथे सुतार, लोहार व रंगारी मिळून तिला लाकडी केबिन आणि कमळ, मोर, गाय-वासरू असे अलंकार चढवीत. लुंगी, बनियन आणि खांद्यावर पंचा हा चालकाचा ओळखीचा वेष होता, आणि त्याच्या शेजारी त्याला ‘उस्ताद’ म्हणणारा क्लीनर असे. हा क्लीनर केवळ गाडी पुसणारा नोकर नव्हता. पंक्चर झालेले चाक बदलणारा, चढावर थांबलेल्या गाडीच्या चाकामागे दगड लावणारा, रात्रभर बोलत राहून उस्तादाला जागे ठेवणारा आणि त्याच सहवासात गाडी शिकणारा तो शिष्य होता. आजचा चालक जीन्स व टी-शर्टमध्ये असतो, केबिन कारखान्यातच तयार होते, आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून उत्पादित होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर राज्यांच्या सीमांवरील करनाके हटले, आणि 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाल्याने टोलनाक्यावरची सुट्ट्या पैशांची देवघेवही बहुतांशी संपली. या सुधारणा खऱ्या आहेत आणि त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु याच काळात अनेक गाड्यांतून क्लीनर नाहीसा झाला, आणि गाडी कोठे व किती वेळ थांबली हे मालकाला त्याच्या फोनवर दिसू लागले.

या सर्व बदलांत एक गोष्ट मात्र टिकून आहे. काचेसमोरची देवाची मूर्ती, बंपरला बांधलेले लिंबू-मिरची, काळा गोंडा आणि दसऱ्याला गाडीवर चढणारा झेंडूचा हार वातानुकूलित केबिनलाही सुटलेला नाही. याला अंधश्रद्धा म्हणून बाजूस सारणे सोपे आहे, पण तसे करण्यापूर्वी गीतेच्या अठराव्या अध्यायातील कर्ममीमांसा पाहणे योग्य ठरेल. तेथे कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे आधार, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे क्रिया, आणि पाचवे दैव; आणि हे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला यथार्थ दिसत नाही, असा निर्वाळाही दिला आहे. दैव या शब्दाचा अर्थ शंकराचार्यांनी नशीब असा केलेला नाही. डोळा आदी इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या सूर्यादी देवता, असा तो केला आहे. म्हणजे दैव ही लहरी सत्ता नव्हे, तर ज्याच्या आधाराने डोळा पाहू शकतो आणि जे माणसाच्या हुकमतीत नसते ते होय. रात्रभर जागलेल्या डोळ्यावर हा अनुग्रह राहत नाही, आणि निव्वळ निश्चयाने तो परत आणताही येत नाही. केबिनमधला देव्हारा ही या पाचव्या कारणाची कबुली आहे, आणि म्हणूनच ती सुशिक्षित आत्मविश्वासापेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

बोरघाटातील शिंगरोबाचे देऊळ हे याचे ठळक उदाहरण आहे. ब्रिटिश अभियंत्यांना घाटाची वाट दाखवणारा आणि त्याच्या मोबदल्यात प्राण गमावलेला धनगर, अशी शिंगरोबाची लोककथा आहे, आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाणारे चालक तेथे नाणे वाहत आले आहेत. ही पूजा संकटनिवारणाची आहेच, पण ज्याच्या श्रमावर आपला रस्ता उभा आहे त्या श्रमिकाचे ऋणही ती मानते. द्रुतगती मार्गाची वाहने या देवळासमोरून जात नाहीत.

दैवावर भार टाकल्याने निष्काळजीपणाला निमित्त मिळते, हा आक्षेप रास्त आहे. मद्यपान करून गाडी हाकणाऱ्याला गीता सोडवत नाही, कारण पाच कारणांत कर्ताही आहेच. परंतु सध्याची चूक नेमकी उलट दिशेची, म्हणजे सारा दोष एकट्या चालकावर टाकण्याची आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली आणि त्यांपैकी 71 टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या सदरात नोंदले गेले. ताशी 80 किलोमीटरची मर्यादा घालणारे वेगनियंत्रक आले, तरी माल अमुक वेळेत पोहोचलाच पाहिजे असे ठरवणारा या सदरात कोठेच येत नाही. 2025 पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961 याने प्रौढ कामगारासाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तास ही सर्वसाधारण मर्यादा घातली होती. लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीत कामाच्या तासांची मर्यादा सर्रास मोडली जाते, आणि मोडणारा हात स्टिअरिंगवरचा नसतो. म्हणून अपघाताच्या पंचनाम्यात चालकाचे नाव लिहिण्याआधी तो किती तास जागा होता आणि त्याला कोणी जागे ठेवले, हे नोंदवले गेले पाहिजे.